बसल्या मापाचं म्यान

गिधाडखिंडीच्या पायथ्याला खैरपेठ नावाचं गाव आहे. तिथं सटवाजी नावाचा चामड्याचा कारागीर होऊन गेला, त्याची ही गोष्ट. गळ्याची शपथ, अक्षर न् अक्षर खरी. आमच्या थोरल्या आजोबांनी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. आता थोरले आजोबा त्या सालानंतर नऊ वर्षांनी जन्मले असं कुणी म्हणेल, आणि बोटं मोजली तर ते बरोबरही निघेल. पण बोटं मोजत बसलं की गोष्ट निघून जाते. तेव्हा बोटं मिटा आणि ऐका.

फार वर्षं झाली. मोटार नावाचं जनावर तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. घाट इतका उभा होता की चढताना घोड्याचं नाक त्याच्याच गुडघ्याला लागे, असं म्हणतात. संस्थानचं टपाल टांग्यातून वर जाई, आणि तो टांगा हैबतराव हाकत. हैबतराव म्हणजे आडवा देह, उभा आवाज आणि दोन्ही गालांवर दोन शेपट्या असाव्यात तशा मिशा.

आणि सटवाजी? तो बारीक, वाकलेला, डोळे कायम हातातल्या कामावर. बाभळीच्या सालीत महिनोन् महिने मुरवलेलं कातडं, मेण लावलेला दोरा, रापीनं कापायचं, आरीनं शिवायचं. त्याच्या हातची चप्पल बाप घाली, मग लेक घाली, मग नातू. एका नातवाला म्हणे ती झिजेना म्हणून कंटाळा आला. त्यानं ती नदीत सोडली, तर चप्पल प्रवाहाच्या उलट चालत घरी आली, असं म्हणतात.

त्या वर्षी घाटात वाटमारी वाढली. संस्थाननं हैबतरावांना एक पिस्तूल दिलं. पिस्तूल दिलं, पण ते ठेवायचं कशात ते दिलं नाही. मग अंमलदारसाहेबांनी सटवाजीला बोलावून सांगितलं, याला म्यान कर.

सटवाजीनं हैबतरावांना चावडीपुढं उभं केलं. हैबतराव छाती काढून असे उभे राहिले की जणू त्यांचा पुतळाच करायचाय. सटवाजीनं सुतळीनं कमरेचं माप घेतलं, मांडीचं घेतलं, गाठी मारल्या आणि आठ दिवसांत म्यान दिलं. उजव्या कमरेला सरळ खाली लोंबणारं, चकचकीत. गावानं मान डोलावली. हैबतराव चार दिवस पेठेतून विनाकारण चालत होते.

पाचव्या दिवशी तिसऱ्या वळणावर दरोडेखोर आडवे आले. हैबतरावांनी कमरेला हात घातला. आता टांग्याच्या फळीवर बसलेला माणूस तो. म्यानाचं बूड फळीला टेकलेलं, त्यामुळं तोंड वर सरकून बरगडीत रुतलेलं, वरून पोटाचा भार. पिस्तूल काही निघेना. हैबतराव ते काढायला उभे राहिले, तसे लगाम ढिले पडले, घोडे उधळले आणि हैबतराव करवंदीच्या जाळीत. टपालाची थैली गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळं गाव जमलं.

"साहेब, या म्यानानं माझा घात केला!" हैबतराव अंगातले काटे काढत गरजले. "पिस्तूल ओढलं तर माझीच बरगडी वर आली!"

मागून कुणीतरी म्हणालं, "बरगडी झाडायची होती, राव! दरोडेखोर घाबरले असते!"

हशा पिकला. अंमलदारसाहेब मात्र हसले नाहीत.

"सटवाजी, हे तुझ्या हातचं?"

"जी, माझ्याच."

"मग आता शहरातून मागवतो. आणि यापुढं संस्थानचं खोगीर, लगाम, पखाल, कातड्याचं काही म्हणून तुझ्याकडं येणार नाही. तुझ्या कामावर माणसाचा जीव टांगायचा नाही."

हशा थांबला. सटवाजीच्या सात पिढ्या घाटाखाली बसून घाटावरच्या जनावरांची खोगिरं शिवत आल्या होत्या. ते काम गेलं की त्याच्या हाताला हात म्हणण्यात अर्थ नव्हता. आणि साहेबांचं शेवटचं वाक्य त्याला आरीसारखं आरपार गेलं, कारण ते खरं होतं.

"पंधरा दिवस द्या, सरकार," तो म्हणाला. "नाही जमलं तर आरी आणि रापी तुमच्या पायाशी ठेवतो. पुन्हा कातड्याला बोट लावणार नाही."

"आणि जमलं, हे कुणी सांगायचं?"

सटवाजीनं जाळीचे काटे काढत बसलेल्या माणसाकडं पाहिलं. "हैबतरावांनीच सांगावं."

घरी येऊन तो म्यान मांडीवर घेऊन बसला. टाका बघितला, पक्का. कड बघितली, सरळ. माप पुन्हा मोजलं, सुतभर चूक नाही. तरी चूक होती. त्याची बायको भागू जात्यावर दळत होती. मग जातं थांबवून म्हणाली, "माप कसं घेतलं होतंत?"

"कसं म्हणजे? उभं करून. माणसाचं माप उभ्यानंच घेतात."

"हैबतराव टांगा उभ्यानं हाकतात व्हय?"

सटवाजीनं गाठींची सुतळी उचलली आणि बसल्या जागीच स्वतःच्या कमरेला लावली.

"जन्मभर बसून काम केलंत," भागू म्हणाली, "आणि माप घेतलंत उभ्याचं." आणि तिनं पुन्हा जातं फिरवलं.

सटवाजी त्या दिवशी जेवला नाही, पण हसला खूप, असं म्हणतात.

आता अडचण अशी की पिस्तूल चावडीत कुलपात. ते याला कोण देतो? सटवाजीनं कुंपणावरचा एक दोडका तोडला, बरोबर पिस्तुलाच्या लांबीचा. तो कमरेला खोचून तो टांग्याच्या अड्ड्यावर गेला.

"राव, तुमच्याशेजारी बसून घाट चढायचाय."

हैबतरावांनी दोडक्याकडं पाहिलं. "बाजाराला निघालास की लढाईला?"

"माझं काम राहील, तुमची बरगडी राहील. बसू द्या."

"बस. पण अंग चोरून बस."

सटवाजी अंग चोरून बसला. तीन दिवस तो घाट चढला न् उतरला. प्रत्येक फेरीला दोडका नवीन. वर पोचलं की तो दोडका काढून उलटासुलटा करून बघे. कुठं शीर चेपली, कुठं साल सोलली, कुठं पाणी सुटलं. जिथं दोडका चेपला तिथं पिस्तूल रुतणार, हे उघड होतं. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "राव, माझं पोट आणि तुमचं पोट एक नव्हे. आता दोडका तुम्ही लावायचा."

"मी?" हैबतरावांच्या मिशा आडव्याच्या उभ्या झाल्या. "हैबतरावानं कमरेला दोडका लावायचा? घाटाच्या दोन्ही अंगांचे लोक बघतात मला!"

"उपरण्याखाली लावा."

"आणि घाटात दरोडेखोर आले तर? दोडका रोखू त्यांच्यावर?"

"मागच्या खेपेला काय रोखलं होतंत?"

दोडका उपरण्याखाली गेला.

उजव्या कमरेला लावलेला दोडका वरून बरगडीनं आणि खालून फळीनं चेपला. पाठीमागं लावलेल्या दोडक्याची चटणी झाली. मांडीवर बांधलेला तिसऱ्या वळणावर उडी मारून दरीत गेला. गावात पोरं "दोडकेराव आले!" म्हणून टांग्यामागं पळू लागली. घरी भागू चेपलेल्या दोडक्यांची भाजी करी. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "म्यान होवो न होवो, आता मला कारल्याचं तोंड दाखवा."

अकराव्या दिवशी सटवाजी नुसता हैबतरावांच्या हातांकडं बघत बसला. डावा हात लगामाला, तो सुटायचा नाही. उजवा मोकळा, पण मांडीवर पडलेला. मांडीवरून तो सहज कुठं जातो? घाम पुसायला उपरण्याकडं, पोटाच्या डाव्या अंगाला. सटवाजीनं दोडका तिथं खोचला. डाव्या कमरेच्या जरा पुढं, तिरका, देठ उजव्या हाताकडं, आणि शेंडा मांडी जिथं मुडपते त्याच्या वर. टांगा वर पोचला. दोडक्याच्या शिरा जशाच्या तशा उभ्या होत्या. वेलावरून आत्ताच उतरवल्यासारखा दोडका.

मग तो तीन दिवस दाराबाहेर पडला नाही. जुन्या म्यानावरून माप घेऊन त्यानं शिसवी लाकडाचं पिस्तूल कोरलं. म्हशीच्या पाठीचं जाड कातडं पाण्यात भिजवून त्या लाकडावर बसवलं आणि शिंगाच्या तुकड्यानं घासत घासत असं दाबलं की कातड्यानं पिस्तुलाचा आकार पाठ केला. तोंडाला आतून दुसरा थर दिला, म्हणजे वरून पोटाचा भार आला तरी तोंड मिटू नये. टाक्याच्या दोन रांगा घातल्या, म्हणजे एक तुटली तरी दुसरीनं धरावं. वळणावर सरकू नये म्हणून पट्ट्याला दोन पकडी दिल्या. आणि वरून एकच वादी लावली, अंगठ्यानं उघडणारी, धक्क्यानं न उघडणारी.

पंधराव्या दिवशी सकाळी टांगा निघाला. पुढं हैबतराव. मागं अंमलदारसाहेब आणि त्यांच्यासमोर सटवाजी, मांडीवर आरी आणि रापी फडक्यात बांधून. वरच्या नाक्यावर पोचेपर्यंत साहेब स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होते की पिस्तूल बसल्या जागी निघतं का. नाही निघालं तर फडकं तिथंच सोडायचं.

नाक्यापर्यंत जायची वेळच आली नाही. तिसऱ्या वळणावर दरोडेखोर उभेच होते. नऊ होते असं म्हणतात. काही म्हणतात एकोणीस. सटवाजीला विचारलं असतं तर त्याला एकही दिसला नाही, कारण तो मान लांब करून म्यानाच्या तोंडाकडं बघत होता. त्याला दिसला फक्त हैबतरावांचा अंगठा. वादी उघडली. उजवा हात घाम पुसायला जावा तसा गेला, आणि आला तो पिस्तूल घेऊनच. डावा हात लगामावरून हलला नाही. घोड्यांनी कानसुद्धा वळवला नाही.

बार झाला. आधी बार झाला आणि हात नंतर हलला, असं म्हणतात. गोळी कुणाला लागली नाही. ती गेली वर, कड्याला लोंबणाऱ्या आग्या मोहोळाला. परातीएवढं मोहोळ खाली आलं ते दरोडेखोरांच्या म्होरक्याच्या पागोट्यावर. पुढं काय झालं ते सांगायला तो थांबला नाही. सगळी टोळी दरी उतरून नदीत बुडी मारून बसली, आणि माश्या वर घिरट्या घालत तीन दिवस बसल्या. माश्या टांग्यावर कशा आल्या नाहीत, असं विचारू नका. संस्थानचं टपाल होतं, त्यांनाही समज असते.

टांगा नाक्यावर पोचला. साहेबांनी धोतराचा सोगा सावरत विचारलं, "हैबतराव, म्यान कसं वाटलं?"

हैबतरावांनी कमरेकडं पाहिलं आणि भुवया वर केल्या. "कोणतं म्यान? मला वाटलं पिस्तूल हातातच होतं."

सटवाजीनं फडक्याची गाठ पुन्हा घट्ट बांधली. यापेक्षा मोठं शाबासकीचं वाक्य त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी हैबतराव सटवाजीच्या आळीत आले. त्या काळी त्यांच्यासारखी माणसं त्या आळीत येत नसत, आणि आली तरी लांबून हाका मारत. हैबतराव थेट दारापर्यंत आले. दाराजवळच्या दगडावर बसले, मिशा बाजूला केल्या आणि म्हणाले, "भागूबाई, घाट चढून तहान लागली. पाणी द्या." भागूनं तांब्या भरून दिला. ते गटागटा प्याले, तांब्या पालथा करून दाखवला आणि म्हणाले, "गोड आहे." सगळी पेठ तोंड उघडं टाकून बघत होती.

पुढं टांगा मोडला, घोडे गेले, पिस्तुलं तीन बदलली, म्यान तेच राहिलं. दूरदूरची माणसं सटवाजीकडं येऊ लागली. उंटावरचा जासूद आला, बैलगाडीवाला कोयत्याचं म्यान करून घ्यायला आला. सगळ्यांना सटवाजी एकच म्हणे, "आधी बसा. जसं रोज बसता तसं बसा."

म्हातारपणी त्याच्याकडं यमदूत आला, असं म्हणतात. रेड्यावरून उतरून म्हणाला, "चल." सटवाजीनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "देवा, तुमचा पाश कमरेला रुततोय. काळंनिळं झालंय बघा." यमदूत चपापला. म्हणाला, "युगं झाली, कुणी विचारलं नाही." "रेड्यावर बसा. माप घेतो." सटवाजीनं पाशाला अशी पिशवी करून दिली की यमदूत टाच मारून गाणं म्हणत निघून गेला. ज्याला न्यायला आला होता, तो मागं राहिला हे त्याला अकरा वर्षांनी आठवलं.

आजही खैरपेठेत कुणी जीप घेतो, टेम्पो घेतो, ट्रॅक्टर घेतो, तर तो आधी सटवाजीच्या दारातल्या दगडावर येऊन बसतो. घरातलं वडीलधारं माणूस सुतळीनं त्याच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं बसलं माप घेतं, गाठ मारतं आणि ती सुतळी स्टिअरिंगला बांधतं. मग त्या घरचं तांब्याभर पाणी पिऊनच गाडी घाटाला लागते. आडनाव कोणतंही असो, पाणी चुकत नाही.

आता कबूल करतो. यमदूत, मोहोळ, हाताआधीचा बार, हे सगळं मी ऐकलं तसं सांगितलं. त्यात माझ्या पदरचं काही नाही. माझ्या पदरचं आहे ते हैबतरावांचं पाणी. हैबतराव आले होते, पण आळीच्या तोंडाशीच उभे राहिले. तिथूनच "शाबास रे" म्हणाले आणि परत गेले. मला ते सांगवेना. वीस वर्षांपूर्वी एस.टी. स्टँडावर ही गोष्ट सांगताना मी त्यांना पुढं चालवत नेलं, दगडावर बसवलं आणि पाणी मागायला लावलं. दुसऱ्याच आठवड्यात शिरपा टेम्पोवाला नवी गाडी घेऊन त्या दारात गेला. दगडावर बसला, सुतळी बांधून घेतली, आणि उठेचना. घरातली म्हातारी म्हणाली, "झालं की रे, ऊठ." तर तो म्हणतो, "झालं कसं? हैबतरावांना पाणी दिलंत, मला नको?"

म्हातारी आत गेली आणि तांब्या घासून घेऊन आली.