लांब काडी

“त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या असल्या तर काय म्हणायचं?”

“समभुज.”

“दोनच सारख्या?”

“समद्विभुज. आणि एकीचा एकीशी मेळ नसला की विषमभुज.” केशर फणकाऱ्यानं म्हणाली. “माई, गावातल्या मुलींना हे मीच शिकवते. माझी परीक्षा कसली घेताय? त्यांची घ्या.”

त्या म्हणजे तिच्या गुरुबहिणी, रखमा आणि सोनाई. बाहेर ओट्यावर दोघी गाठोडी बांधत होत्या. मठ सोडून निघाल्या होत्या, तेही न जेवता. निघताना म्हणाल्या, केशर आहे ना, मग आमचं इथं काय काम?

ते केशरला झोंबलं होतं.

मठाची रीत अशी, की भिक्षेला तिघींनी मिळून एका झोळीनं जायचं. पण रखमाचा गुडघा धरायचा. सोनाई दारोदार बोलत बसायची. केशरचं डोकं तापायचं. मग ती एकटीच जायला लागली. पुढं शिकवणंही एकटीनं, झाडलोटही एकटीनं. कुणी मदतीला आलंच तर, “राहू दे, तुला नाही जमायचं.”

मर मर मरायचं, आणि वर हे ऐकून घ्यायचं.

माई, तिघींच्या गुरू, चुलीपुढं बसल्या होत्या. भात रटरटत होता. सरपणातून त्यांनी तीन काड्या काढल्या, एक हातभर, दोन वीतभरही नसतील. केशरपुढं टाकल्या.

“त्रिकोण कर.”

केशरनं लांब काडी जमिनीवर ठेवली. एका टोकाला एक आखूड काडी लावली, दुसऱ्या टोकाला दुसरी. टोकं जुळेनात. तिनं दोन्ही कलत्या केल्या, मग पार आडव्या पाडल्या. तरी मध्ये फट राहिलीच.

“होत नाही.”

“का? बाजू तर तीन आहेत.”

“नुसत्या तीन असून काय उपयोग? कुठल्याही दोन मिळून तिसरीपेक्षा मोठ्या भराव्या लागतात. ह्या दोघी आखूड आहेत. दुसऱ्या द्या.”

माईंनी भात ढवळला.

बाहेर रखमा खोकली. सोनाई तिला म्हणाली, “सावकाश ऊठ गं, गुडघा सांभाळ.”

केशरचा हात काड्यांवर तसाच राहिला. त्या दोन आखूड काड्या एकमेकींकडं तोंड करून पडल्या होत्या...

“माई, मग हीच लांब आहे का?”

“चांगली सरळ काडी आहे.” माईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “लांब आहे, एवढंच.”

“मोडू?”

“मला कशाला विचारतेस?”

केशरनं काडी गुडघ्यावर धरली. बराच वेळ धरूनच बसली... मग कडकन मोडली.

तिन्ही टोकं जुळली. त्रिकोण काही देखणा नव्हता. एक बाजू कशी, दुसरी कशी. पण झाला.

मोडलेला तुकडा तिच्या मुठीत उरला. तो टाकवेना, ठेवताही येईना. डोळे भरून आले.

“आणि ह्याचं काय करू, माई?”

“चुलीत सार. भात अजून कच्चा आहे, आणि त्या दोघी उपाशी निघाल्यात.”