बजाबा तालमीला लागतो

वाघजळ नावाचं एक गाव. तिथे बजाबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगाने दांडगा, मनाने लोणी, आणि डोक्यात काय होतं ते कुणी पाहिलं नव्हतं.

गावात एक तालीम होती. तालमीत हैबती वस्ताद होते, पण चेले नव्हते. सगळी पोरं शहरातल्या आरशाच्या जिममध्ये गेली होती. तिथे घाम कमी येतो आणि फोटो चांगला येतो. सरपंचांचा तालमीच्या जागेवर केव्हापासून डोळा होता. ते म्हणाले, "वस्ताद, यंदा जत्रंत आपला पैलवान जिंकला तर तालीम ऱ्हाईल. न्हाईतर तिथं खताचं गोदाम." वस्तादांचा जीव त्या तांबड्या मातीत. त्यांनी गावभर पैलवान शोधला. सापडला बजाबा.

आईने बजाबाला बजावलं, "वस्ताद सांगतील तसंच करायचं बघ."

"बरं," बजाबा म्हणाला.

पहिल्याच दिवशी त्याने तालमीतला सगळ्यात मोठा दगडी गोटा धरला आणि ओढला. गोटा हलला नाही. कंबर हलली.

वस्ताद धावले. "आरं येड्या, पहिल्या दिशी जड उचलत्यात व्हय? हलक्यापासनं सुरू करायचं. मग रोज थोडं थोडं वाढवायचं."

"बरं."

त्याच आठवड्यात बजाबाच्या शेजारच्या सावळामामांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. सगळा गाव घागरी घेऊन पळाला. बजाबा फुलपात्र घेऊन आला, तेही निम्मंच भरलेलं. नेम धरून त्याने ते आगीवर टाकलं.

मामा ओरडले, "आरं, घागर आण की!"

"आणतो की मामा. आज फुलपात्र, उद्या तांब्या. घागर पुढच्या आठवड्यात."

गंजीची राख झाली. वस्तादांनी कपाळ बडवलं. "आरं, तसल्या वक्ताला चिमूट चिमूट करत्यात व्हय? सगळ्या अंगाचा जोर लावायचा आन् मागं हटायचं न्हाई!"

"बरं."

मग सरपंचांच्या सासूबाईंची बैलगाडी ओढ्याकाठच्या चिखलात रुतली. बजाबाने मागून खांदा लावला. गाडी निघाली. गाडीवान म्हणाला, "बास, बास!" बजाबा मागे हटला नाही. बैलांना पळणं भागच पडलं. गाडी चिखलातून निघाली ती थेट ओढ्यात गेली. सासूबाई गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून बोलत होत्या. सरपंच रागावले, पण फार नाही.

वस्ताद मात्र घाबरले. "आरं बाबा, जोर केला की दम खायचा. हात सैल सोडायचे, अंग मोकळं करायचं. इसावा बी कसरतच हाय."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सावळामामा विहिरीतला गाळ काढायला उतरले. कमरेला दोर, दोराचं टोक बजाबाच्या हातात. मामा निम्म्यात पोचले आणि बजाबाला वाटलं, जोर झाला. त्याने हात सैल सोडले. खालून धप्प असा आवाज आला.

"बजाबा! आरं, काय करतूस?"

"दम खातोय, मामा!"

मामा मिशांपर्यंत गाळात माखून वर आले. "वस्ताद," ते म्हणाले, "हेला काय बी शिकवा, पण शिकवायच्या आधी मला सांगा. मी पावण्यांकडं जाऊन ऱ्हातो."

पण एक खरं. तालमीत बजाबा चुकत नव्हता. हलक्यापासून चढत चढत आता मोठा गोटा त्याच्या छातीपर्यंत येत होता. पहिल्यांदा आला तेव्हा वस्ताद कोपऱ्यात तोंड फिरवून रडले. त्यांना फक्त एकच खोड दिसत होती. गडी सगळे डाव उजव्या खांद्यावरूनच टाकायचा.

जत्रेच्या आदल्या सांजेला त्यांनी शेवटचं सांगितलं. "जे उजव्या अंगानं करशील तेच डाव्या अंगानं बी करायचं. न्हाईतर अंग वाकडं व्हतं. एका खांद्याचं झालं की दुसऱ्याचं झालंच पायजे."

"बरं."

जत्रेत चिंचोलीचा कुशाबा समोर आला. मान दिसत नव्हती असा गडी. सलामी झडली. वस्ताद डोळे मिटून उभे होते. बजाबाने वाकून कुशाबाचा हात धरला, उजव्या खांद्यावर घेतला आणि धोबीपछाड मारली. कुशाबा चितपट! पंचांनी शिट्टी फुंकली. हलगी कडाडली. वस्तादांनी डोळे उघडले आणि त्यांना रडू आवरेना.

सरपंच हातात फेटा घेऊन आखाड्यात उतरले. पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीचा सदरा. त्यांनी हात उंचावून गर्दीला शांत केलं. "लोकहो, शब्द म्हंजे शब्द. आजपासनं ही तालीम कायमची..."

बजाबा विचारात पडला होता. उजव्या खांद्याचं झालं. डाव्याचं राहिलं. कुशाबा तर उठून चालायला लागला होता. त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यात जवळ सरपंचच होते.

धोबीपछाड अगदी नमुनेदार बसली. सरपंचांचे दोन्ही खांदे मातीला टेकले. पंचांचं वय झालं होतं, त्यांनी सवयीने पुन्हा शिट्टी फुंकली.

"वस्ताद," बजाबा हसत हसत म्हणाला, "आता अंग वाकडं व्हायची भीती न्हाई."

सरपंच आडवेच होते. तोंडातली माती थुंकून त्यांनी आपलं राहिलेलं वाक्य पुरं केलं.

"...गोदाम!"