गजेंद्र मास्तरांचा परीक्षेचा पाठ

डोंगराखालच्या एका गावच्या शाळेत सरावासाठी एक भोळा मास्तर आला. पुरता मास्तर अजून व्हायचा होता. नाव गजेंद्र टिपुगडे. मनानं सरळ, पण सांगाल ते शब्दाला शब्द धरणारा. आपल्याएवढं आधुनिक शिक्षण तालुक्यात कुणाचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हेडबाई शकुंतलाबाई काहीही सांगू देत, तो म्हणायचा, "कळलं बाई. हे आम्हाला कोर्सला होतं."

पहिल्याच दिवशी शाळेचा कॉम्प्युटर अडकला. गजेंद्रनं तासभर बटणं बडवली. शेवटी बाई आल्या.

"अहो सर, अडकलं की बंद करायचं. जरा थांबायचं. परत चालू करायचं."

"कळलं बाई. हे आम्हाला कोर्सला होतं."

दुसऱ्या दिवशी चौथीचा वर्ग सतराच्या पाढ्यात अडकला. सतरा सक्के म्हटलं आणि सगळे गप्प. गजेंद्रला आनंदच झाला. त्यानं शाळा बंद केली. सगळी मुलं घरी पाठवली, कुलूप लावलं, पायरीवर बसून दहापर्यंत आकडे मोजले आणि घंटा वाजवली. साठातली सात परत आली. त्यांतलं एक तर बालवाडीतलं होतं, घंटा ऐकून आलेलं.

"चालू व्हायला जरा वेळ लागतोय," तो बाईंना म्हणाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, कुणाला काही अडलं तर गोड बोलावं. विचारेल ते सांगावं. समजेपर्यंत सांगावं!"

"कळलं बाई. कोर्सला होतं."

तिसऱ्या दिवशी फोन आला. "मी वरच्या ऑफिसातून साहेब बोलतोय. शाळेच्या कॉम्प्युटरच्या पासवर्डाशी आमचं काम अडलंय."

"अडलंय का? घाबरू नका हं," गजेंद्र म्हणाला. त्यानं एकेक अक्षर सांगितलं. साहेब एका ठिकाणी चुकले, तेव्हा त्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हणवून घेतलं. जमल्यावर "शाब्बास" म्हणाला.

संध्याकाळी शाळेच्या पालक-ग्रुपवर टकलावर केस उगवणारं तेल विकायला आलं. वर बाईंचा फोटो.

बाई ओरडल्या, "साहेब म्हणवणारा कुणी अनोळखी माणूस विचारायला लागला, तर एक अक्षर बोलायचं नाही! तिथल्या तिथं ब्लॉक करायचं! आणि सगळ्यांना सावध करायचं!"

"कळलं बाई. हे तर कोर्सला दोनदा होतं."

चौथ्या दिवशी गजेंद्रचा परीक्षेचा पाठ होता; परीक्षक येऊन त्याचं शिकवणं बघणार होते. त्यात नापास म्हणजे अख्खं वर्ष पुन्हा. गजेंद्र कडक इस्त्री करून आला. बाई गुच्छ घेऊन परीक्षकांना आणायला स्टँडवर गेल्या. परीक्षक मात्र मोटारसायकलवरून मागच्या वाटेनं थेट शाळेत पोचले.

"मी परीक्षेचा साहेब," ते म्हणाले. "नाव काय तुमचं? आज काय शिकवणार?"

गजेंद्र एक अक्षर बोलला नाही.

तासाभरानं बाई घामाघूम होऊन परतल्या. "स्टँडवर कुणीच नाही हो. इकडे आले का परीक्षक?"

"नाही बाई. पण एक भामटा आला होता. नकाशांच्या खोलीत ब्लॉक केलाय, दाराला चार बाकं लावून. फोटो तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पाठवला. पोलीस निघालेत."

आतून दारावर धपाधप बुक्के बसत होते. "अहो, मी परीक्षक आहे! उघडा! कोण तुम्ही? नाव सांगा तुमचं!"

गजेंद्र बाईंच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "बघा. अजून नावच विचारतोय."