झेंडूचा हार

चाकणजवळच्या एका कारखान्यात बिनड्रायव्हरची गाडी तयार झाली. तिथले बडे साहेब राजाध्यक्ष. त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती. पण गाडीची सुरक्षा तपासणाऱ्या मंदा ढमढेरेंनी लेखीच कळवलं, "गाडीच्या नाकावरचा कॅमेरा झाकला गेला, तर पुढचा रस्ता मोकळाच आहे असं समजून ती चालत राहते."

"झाकणार कोण?" साहेब गरजले. "दारावर पहारा आहे माझा! दसऱ्याला सगळ्यांसमोर गाडी धावणार. बाई, तुम्ही किंवा तुमच्या माणसांनी बोटही न लावता तिला आंधळी करून दाखवा. नाही जमलं, तर तुमचा अहवाल केराच्या टोपलीत!"

दसऱ्याला मंदाताई आल्या त्या पूजेचं ताट घेऊन. ताटात झेंडूचा भरगच्च हार.

"साहेब, मान तुमचा."

साहेब खुलले. त्यांनी गाडीच्या नाकावर स्वतःच्या हाताने हार चढवला, नारळ फोडला आणि गाडी सोडली. चाचणीसाठी वाटेत उभा केलेला पुठ्ठ्याचा माणूस गाडीने सरळ आडवा केला.



"साहेब," मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "डोळे बांधायला वैरीच लागतो असं नाही. भक्तही पुरतो."

साहेबांनी गाडी बाजारात आणायचं तिथल्या तिथे थांबवलं.

पुढच्या दसऱ्याला त्यांनी सुधारलेल्या गाडीच्या नाकावर पुन्हा तसाच हार घातला. गाडी काही केल्या जागची हलेना. आणि न चाललेल्या त्या गाडीसाठी पहिली टाळी वाजली ती साहेबांची!