न मोडलेली मांडी

“खुर्चीवर बसून ध्यान लागतं का हो, आक्का?”

सकाळचं बसणं नुकतंच संपलं होतं. बाकीचे साधक खाली चहाला निघून गेले होते. सगुणाक्का आपल्या वेताच्या खुर्चीत बसून पायांनीच चपला चाचपत होत्या. जाड, मऊ तळाच्या चपला. टाचेसाठी गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या. त्या घरातसुद्धा घालत.

कुमुदच्या प्रश्नाला धार होती. आक्कांना ती जाणवली असणार.

“कधी लागतं,” त्या म्हणाल्या. “कधी नाही.”

एवढंच.

कुमुदला हे उत्तर पुरलं नाही. निपाणीच्या मुलींच्या शाळेत तिने उभा जन्म कवायत शिकवली होती. वाकलेला कणा, पडलेले खांदे तिला बघवत नसत. निवृत्तीनंतर, दिवाळी झाल्यावर, ती आजऱ्याजवळच्या डोंगरावरच्या या लहानशा आश्रमात राहायला आली, तेव्हा इथली ढिलाई पाहून तिला धक्काच बसला होता. कुणी भिंतीला टेकून बसे. कुणी पाय पसरून. एक म्हातारे पोस्टमन तर सरळ आडवे होत, आणि आक्का त्यांना काही म्हणत नसत. आश्रमाच्या गुरू असून त्या स्वतःच खुर्चीवर बसत.

कुमुद मात्र सगळ्यांत पुढे, पद्मासनात. घंटा होईपर्यंत तिची मांडी मोडत नसे. नवे आलेले लोक तिच्याकडे पाहून आपली पाठ ताठ करत. ते पाहतात हे तिला ठाऊक होतं.

कुणाला ठाऊक नव्हतं ते वेगळंच होतं. तिचा डावा गुडघा कधीपासून सुजत होता. निपाणीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवलं होतं की दोन हाडांमधली गादी झिजली आहे. जमिनीवर बसू नका, उकिडवं तर मुळीच नको, मांडीचे स्नायू बळकट होतील असे व्यायाम रोज करा, असं त्यांनी बजावलं होतं. तिने मान डोलावली होती, आणि आठवडाभरात सामान बांधून इथे आली होती. आताशा टाचही धरली होती; सकाळी उठताना ती टेकली की कळ डोक्यात जाई. चार पावलं भिंत धरून चालावं लागे. मग टाच जरा सैल होई, आणि ती ताठ मानेने बाहेर पडे.

आक्कांनी तिला चहाला येतेस का म्हणून विचारलं. ती म्हणाली, अजून थोडी बसते.

“बरं.” आक्का दाराची चौकट धरून, आधी एक पाय, मग दुसरा, अशा उंबरा ओलांडून गेल्या.

त्या गेल्यावर कुमुदने मांडी सोडवायला घेतली. उजवा पाय निघाला. डावा निघेना. गुडघा जणू कुलूप घातल्यासारखा अडकला होता. तिने घोटा दोन्ही हातांनी धरून पाय उचलला आणि हळूच सरळ करू लागली. मध्येच अशी कळ आली की तिच्या तोंडून आवाज निघून गेला.

आक्का लांब गेल्या नव्हत्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. क्षणभर पाहिलं, आणि परत फिरल्या.

कुमुदला वाटलं, बरं झालं.

पण त्या पुन्हा आल्या. एका हातात त्यांची शेकायची पिशवी होती, दुसऱ्यात घडी केलेली शाल. त्या कुमुदजवळ येऊन थांबल्या आणि फरशीकडे पाहू लागल्या. आक्का जमिनीवर बसल्याला कितीतरी वर्षं झाली होती. त्यांचे दोन्ही गुडघे केव्हाच गेलेले.

कुमुदच्या ध्यानात आलं. ती म्हणाली की तुम्ही बसू नका, मी येते तुमच्याकडे, आत्ता उठतेच.

आक्कांनी खुर्चीचा हात धरला. दुसरा हात भिंतीवर ठेवला. थोड्या वाकल्या, थांबल्या, आणखी वाकल्या. शेवटची वीतभर त्या धपकन खाली आल्या.

“आई गं,” त्या शांतपणे म्हणाल्या. आणि त्यांनी कुमुदचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

कुमुदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्या पायांवर रोज डोकं ठेवायचं, त्यांच्या मांडीवर आपला पाय. तिने तो ओढून घ्यायला पाहिलं. ओढवेना.

“राहू दे.”

आक्कांनी गुडघ्याला उलटा हात लावून पाहिला. गरम लागत असता तर बर्फ लावला असता, म्हणाल्या, पण हा नुसता आखडलाय, याला शेक मानवेल. शालीची गुंडाळी करून त्यांनी ती गुडघ्याखाली सरकवली आणि पिशवी वर ठेवली. मग पोळ्या लाटायला शिकवावं तशा आवाजात सांगू लागल्या. गुडघ्याने गुंडाळी दाबायची, मांडी घट्ट करायची, जरा धरून ठेवायची, सोडायची. हे त्या रोज पहाटे अंथरुणातच करत. डॉक्टर गुडघे बदलून घ्या म्हणतात, त्याचाही विचार चाललाय, म्हणाल्या.

कुमुद दाबत राहिली, सोडत राहिली. हळूहळू पाय आपला वाटू लागला.

“इतकं दुखत होतं,” आक्का म्हणाल्या, “तर मांडी का नाही सोडलीस?”

कुमुद म्हणाली, शिस्त. जन्मभराची सवय.

आक्कांनी पिशवी थोडी वर सरकवली.

बाहेर कुणीतरी झाडाला पाणी घालत होतं. तो आवाज बराच वेळ येत राहिला, मग थांबला…

“गुडघा दुखतो तोवर,” कुमुद म्हणाली, “शालन आठवत नाही.”

शालन तिची थोरली बहीण. दोघी बिनलग्नाच्या, दोघी एकाच शाळेत. शालन गणित शिकवायची, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात कुमुदच्या कवायतीची नक्कल करून दाखवायची. गेल्या वैशाखात ती गेली. त्यानंतरही कुमुद सकाळी दोन कप चहा टाकत असे. दुसरा कप ओट्यावर गार होऊन जाई. त्या ओट्यापासून पळून ती इथवर आली होती.

हे सगळं तिने आक्कांना सांगितलं. पायाकडे बघत, तुटक तुटक.

 आक्कांचा हात गुडघ्यावर होता, तो तिथेच राहिला.

“आता दुखतंय?”

“नाही…” कुमुद म्हणाली. “थांबलंय.”

आणि ते म्हणताना तिला एकदम भीती वाटली. ती घाईघाईने म्हणाली, चला, उठू या, तुमचा चहा राहिलाय.

तिने हात टेकला. डाव्या पायावर भार घेववेना. आक्कांनी खुर्चीला हात घातला तर खुर्चीच फरशीवरून सरकत मागे गेली. मग दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि ओढून पाहिलं. कुणीच उठलं नाही. उलट आक्का तिच्या अंगावर कलंडल्या.

कुमुदला हसू फुटलं. आक्काही हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हाक मारावी तर माणसं पार खाली, चहाच्या शेडमध्ये. तिथवर आवाज जाणार नव्हता, आणि झाडाला पाणी घालणारंही निघून गेलं होतं.

हसता हसता कुमुदच्या मनात आलं, घरी गेल्यावर शालनला हे सांगायला पाहिजे.

तिचं हसू तिथेच थांबलं.

आक्कांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या सावकाश सरकत भिंतीला टेकल्या, दोन्ही पाय समोर पसरले, आणि कुमुदला आपल्या शेजारी ओढून घेतलं. कुमुदचे पायही तसेच समोर पसरले गेले.

“उठता तर येत नाही,” आक्का म्हणाल्या. “मग आता बसूया.”