खोलीला गोठा म्हटलं त्याची कहाणी

ऐका घरपट्टीबाई, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं, गावाला दोन आळ्या होत्या. वरच्या आळीत थोरली जाऊ राही, खालच्या आळीत धाकटी. दोघींनी एकाच साली नवी खोली बांधली. मग पंचायतीचे भाऊसाहेब पट्टी ठरवायला टेप घेऊन आले. थोरलीनं दार उघडलं, खोली दाखवली. धाकटीनं काय केलं? तान्हं कडेवर घेतलं, खोलीत कालवड बांधली, चार पेंढ्या टाकल्या. "हा गोठा हो, भाऊसाहेब. गोठ्याला कसली पट्टी?" आळीनं ते पाहिलं. मग कुणी खोलीत शेरडं बांधली, कुणी म्हैस बांधली, एकीनं तर कोंबडा बांधला. भाऊसाहेब हसले, लिहून घेतलं, निघून गेले.

मग वरच्या आळीला दिवे आले. धाकटी जळली. मग गटार आलं. धाकटी जळली. मग नळ आला. धाकटी इतकी जळली की तव्याआधी तिच्या नजरेनंच भाकरी करपावी. विहिरीवर जाता जाता थोरलीच्या नळाकडं बघे, मनात म्हणे, "आटो मेला." आपण तरी दुसरं काय म्हटलं असतं?

मग विहीर गढूळ झाली, पोराला हगवण लागली. धाकटी तणतणत पंचायतीत गेली. "जाऊबाई तुमची सोयरी लागते का? तिला नळ, मला का नाही?"

भाऊसाहेबांनी वही उघडली. "खालची आळी. घरं चार, गोठे चाळीस. नळ पट्टीतून येतो, बाई. गावानं आपला वाटा घातला की सरकारचा येतो. आणि गोठ्यात दिवा कुणासाठी लावू?"

धाकटी खाली मान घालून थोरलीकडं गेली. "जाऊबाई, हा वसा कसा वसावा?"

"मोजायला आले की खोलीला खोली म्हणावं. पट्टी वेळेवर भरावी. तिचं काय केलंत, ते ग्रामसभेत उठून विचारावं. उतू नये, मातू नये. आणि तोवर पोरासाठी घागर इथूनच ने."

ते ऐकून धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी घागर नेली. घरी कालवड सोडली. आळी म्हणाली, "तूच शिकवलंस की." "मीच शिकवलं, मीच मोडते." मग शेरडं सुटली, म्हैस सुटली, कोंबडा सुटला. भाऊसाहेबांनी पुन्हा मोजलं.

वर्ष गेलं, नळ आला. पोर खडखडीत बरं होऊन अंगणभर धावू लागलं. धाकटीनं पहिली घागर थोरलीच्या दारी नेऊन ठेवली. ठेवता ठेवता तिच्या नळाची धार बघितली. आपल्यासारखीच होती. तिला जरासं वाईटच वाटलं.

जशी घरपट्टीबाई धाकटीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो, तेवढा जळफळाट सोडून. ही दोन आळ्यांची कहाणी एका घागरी सुफळ संपूर्ण.