हिरोजीची वाटी

एका राज्यात राजे संपले आणि राजवाडा उरला. प्रजेने तो आपला म्हटला, त्याची चित्रशाळा केली, दारे सताड उघडली. पण आत कुणी जाईना. भिंतींवर हजार चेहरे होते आणि एकालाही बुबुळे नव्हती. जो त्यांच्याकडे पाही, त्याला घरचे ओळखेनासे होत.

हा शाप जुन्या अन्यायाचा. शेवटच्या राजाचा दंडक असा, की चिताऱ्याने सारे चित्र काढावे, बुबुळे तेवढी सोडावीत. मग राजा येई, दोन ठिपके देई आणि चित्राखाली नाव राजाचे लागे. चोरीला असा मान दुसऱ्या कुठल्या राज्यात नसेल. हिरोजी चिताऱ्याने एकदा बुबुळे स्वतः काढली. राजाने मांत्रिकाकरवी त्याला उंबरठ्याशी दगड केले. त्याच क्षणी साऱ्या चित्रांची बुबुळे विझली.

हिरोजीची लेक भिवरा त्या वाड्याची राखण करी. रोज बापाच्या दगडी खांद्यावरची धूळ पुशी. गावात तिला ओळखणारे कुणी उरले नव्हते. आठ आठ दिवस तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

एके सकाळी साळुंकी त्या दगडावर बसली आणि म्हणाली, "बाप हवा असेल तर तीन कामे कर. राजाची नावे खरवड. जिथे तुझ्या बापाची आठवण आहे, त्या घरातले काजळ आण. त्याने सर्वांची बुबुळे काढ. पहिली जोडी चुकली, तर तूही दगड."

भिवराने नावे खरवडली. खालून दुसरी नावे निघाली. कुठे येसबा चितारी, कुठे गोदू चितारीण.

मग ती काजळासाठी फिरली. शंभर दारांत एकच उत्तर मिळाले, कोण हिरोजी? गावाच्या टोकाला म्हातारी रंगारीण नीळ ढवळत होती.

"हिरोजी? मेला निळा रंग न्यायचा आणि वाटी परत करायचा नाही. आणलीस का वाटी?"

भिवरा हसली, आणि हसता हसता रडली. म्हातारीने निळे हात पदराला पुसले. दिव्यावर परळ पालथा धरून काजळ पाडून दिले.

उरले तिसरे काम. सवयीने भिवराचे पाय राजाच्या चित्रापुढे थांबले. त्या राज्यात पहिला विडा राजाचा, पहिला घास राजाचा. तिच्याआधीचे दोन राखणदार इथेच चुकले होते. त्यांचे दगड अजून मान लववून उभे होते.

चित्रातला राजा म्हणाला, "पहिला मान आमचा."

"महाराज," भिवरा म्हणाली, "तुमचे नाव पुसून झाले."

ती उंबरठ्याकडे वळली. बापाच्या दगडी डोळ्यांत तिने दोन ठिपके दिले. दगडाला ऊब आली. हिरोजीने पापणी हलवली आणि तिच्याकडे पाहिले.

"भिवरा," तो म्हणाला, "कपाळाला काजळ लागलंय गं. पूस."

मग बापलेकीने हजार चेहऱ्यांची बुबुळे काढली, राजाची सर्वांत शेवटी. दोघे राखणदार मान वर करून घरी गेले आणि घरच्यांनी त्यांना ओळखले. शाप सरला, लोक येऊ लागले.

पहिला मान रंगारणीला मिळाला. तिची वाटी उंबरठ्यावर घासूनपुसून ठेवली होती.